राणीचा झगा

ॲम्स्टरडॅम, २८ फेब्रुवारी १६५६

दाढी दोनदा केली तरी गाल हिरवाच! सफेदा जाड थापावा लागला. पण शेवटी राजाच्या प्रेतावर मी हंबरडा फोडला आणि खाली उभी गर्दी तोंडातला हेरिंग मासा चघळायची थांबली. इतकी वर्षं या नाटकघराची राणी मीच आहे.

गेल्या वर्षी रंगमंचावर एक बाई आली, तेव्हापासून नाटकघराच्या कारभाऱ्यांना बायकांचं खूळ लागलंय. हिल्लाला म्हणालो, बाईला काय जमणार? ती रडते तेही नाक शिंकरत! हिल्ला मासे साफ करत होती. हसली नाही. एरवी हसते — बायको आहे.

३ मार्च

माझा राणीचा झगा नाटकघरात खुंटीवर दिसला. कमरेत आवळलेला, खालून वीतभर आखूड. उलटून पाहिला. बारीक टाके, शेवटी दुहेरी गाठ — माझ्या सगळ्या सदऱ्यांना असते तशी!

घरी येऊन विचारलं, कुणासाठी शिवलास?

"माझ्यासाठी. राणी करशील का, असं कारभाऱ्यांनी विचारून पंधरा दिवस झाले."

"आणि संवाद?"

"तुमची तालीम घ्यायला रोज राजा होऊन कोण बसत होतं? ऐकून ऐकून राणीही पाठ झाली."

म्हणजे शिकवणी मीच दिली. घरात बसून, फुकट.

४ मार्च

सदरा घालताना ती दुहेरी गाठ बोटांना लागली. 

९ मार्च

मला राणीची म्हातारी दाई दिलीय. म्हाताऱ्या अजून पुरुषांकडेच! दाई राणीला खेटून उभी असते, तेव्हा राणी अडली तर शब्द हळूच सुचवायचे. "लुबेर्ट, तुझ्याइतकं पाठ कुणाला आहे?" असं कारभारी म्हणाले. जखमेवर मीठ, आणि त्यांना वाटतं कौतुक केलं.

हिल्ला म्हणते, तुम्हाला शेजारी उभं करायच्या अटीवरच हो म्हटलं होतं. गळा कापायचा आणि वर विश्वास ठेवायचा!

१६ मार्च

हिल्लाचा पहिला प्रयोग. प्रेतावरचा प्रवेश. हिल्ला दोन ओळी बोलली आणि थांबली. विसरली. माझ्याकडे पाहिलं.

पुढची ओळ माझ्या जिभेवर होती. मी तोंड मिटून उभा राहिलो. भोग आता, म्हटलं.

तिचे ओठ हलले, मग तेही थांबले. ती नुसती प्रेताकडे पाहत राहिली. मेणबत्त्या तडतडलेल्या ऐकू येत होत्या. वरच्या सज्ज्यात कुणीतरी हुंदका दिला. मग खाली एकाने. मग सगळं नाटकघर रडलं. माझ्या हंबरड्याला इतकं कधी रडलं नव्हतं.

१७ मार्च

हिल्लाने पाव-चीज पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "सोमवारीही तिथे असेच गप्प राहा."