शंभर रुपयांचं कॉईन

शांती नगर, मीरा रोड
रविवार दुपार

प्रिय स्वप्नील,

दचकू नकोस, तुझा पत्ता मला अजूनही माहीत नाही. तुझा मित्र नॅथन जहाजावरून सुट्टीवर आलाय असं कळलं, तशी मी बस पकडून सरळ उत्तनला त्याच्या घरी जाऊन धडकले. बर्नडेटने मला बसवलं, सरबत दिलं, आणि माझ्यासमोर लेकाला असं काही झापलं की मलाच त्याची दया आली. पण पठ्ठ्या बधला नाही. आंटी, मी त्याला शब्द दिलाय, एवढंच म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, तुम्ही लिहा, मी पोचवतो. मी त्याला बजावलंय की पाकीट फोडायचं नाही आणि फोनवर तुला एक अक्षर बोलायचं नाही. काय सांगायचं ते तुला तुझी आईच सांगेल.

आधी राग ओकून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. दोन दिवाळ्या झाल्या, स्वप्नील. नंबर बदललास, कुठल्या देशात आहेस तेही कळू दिलं नाहीस. अरे, भांडण तुम्हा बापलेकांचं, त्यात माझं काय चुकलं होतं? मी तर मधे उभी राहून चपात्या वाढत होते. फार राग आला तुझा. अजून आहे.

आणि काय ती भांडणं! ताटावर बसलात की सुरू. हे म्हणायचे, भाईंदरच्या मिठागरात पाणी आटलं तरी मागे मीठ उरतं, तुझ्या बिटकॉईनमागे काय उरतं ते दाखव. तू म्हणायचास, पप्पा, तुमच्या नोटेमागे तरी काय आहे? सगळे मानतात म्हणून चालते, आणि सरकार हव्या तितक्या छापतं. मग ह्यांचं, तिकडे कोणी शिंकलं की तुझे निम्मे पैसे गायब. मग तुझं, आणि तुमच्या एफडीला महागाई कुरतडते ते दिसत नाही. सरकारने तीस टक्के टॅक्स लावला तेव्हा तर दोघंही खूश! हे म्हणाले, बघ, लॉटरीवर लावतात तसा लावला. तू म्हणालास, बघा, टॅक्स लावला म्हणजे मान्य केलं. मला दोघांचंही थोडं थोडं पटायचं. विचारलं असतंत तर म्हटलं असतं, हौसेपुरते घाल, घराचे घालू नकोस. पण मला कोण विचारतंय!

तू घराचेच घातलेस. फ्लॅटसाठी साठवलेले सगळे. भाव निम्म्यावर आला, आणि धाकूमामाच्या निशिगंधाच्या साखरपुड्यात कोणीतरी सहज विचारलं, स्वप्नील काय करतो हल्ली, तर ह्यांनी सगळ्या पाहुण्यांत सांगून टाकलं की सट्टा खेळतो. तू भरल्या ताटावरून उठलास. ते तुझं भरलेलं ताट मी परत आत नेलं. पुढच्या महिन्यात तू देशच सोडलास.

तुला आठवतंय का, एकदा वादात जिंकायला म्हणून तू तुझ्या वॉलेटचं पान ह्यांच्या मोबाईलवर उघडून दिलं होतंस? यात लपवाछपवी नाही पप्पा, पत्ता माहीत असला की कोणीही बघू शकतं, किती आलं, किती गेलं, कधी गेलं, फक्त हात लावू शकत नाही. ते पान ह्यांच्याकडे तसंच राहिलं. तू गेल्यावर हे रोज सकाळी चहाच्या आधी ते उघडायला लागले. भाव चढला का पडला, ढुंकून बघायचे नाहीत. कुठे काही हललेलं दिसलं की आतून ओरडायचे, अंबिका, पोरगं हललं गं! मग चहा दोनदा व्हायचा. आठवडाभर काही हललं नाही की ताटावर नुसते बसून राहायचे.

मग एक दिवस उठले आणि खाली जितेशभाईंच्या मोबाईलच्या दुकानात गेले. म्हणाले, मेरा भी ऐसाच बना दो, बीच में कोई कंपनी-बिंपनी नहीं चाहिए. जितेशभाई हसले, काका, आप भी? तर हे म्हणाले, चूप बैठो और किसीको बोलना मत. गणपतीत ह्यांनी तुला पहिल्यांदा शंभर रुपयांचं पाठवलं. तुझ्या भाषेत काय ते कॉईन. चार दिवसांनी तू परत पाठवलंस, चार्जेस कापून. माझा जीव तुटला. पण हे अंगठी सापडल्यासारखे घरभर फिरत होते. म्हणाले, अगं, परत केलं म्हणजे बघितलं ना! कोणाकडून आलंय ते बरोबर ओळखलंय, बघ. फुकटचं घेत नाही, माझाच मुलगा आहे.

तेव्हापासून तुमचं ते सुरू झालं. हे पाठवायचे, तू परत करायचास. दसऱ्याला, नाताळला, कधी उगाच. काय चाललंय हे, मी चिडायचे, सरळ एक ओळ लिहा ना त्याला. म्हणायचे, घाई करू नको, तो आपणहून पाठवेल तेव्हा बोलायचं. आणि बाहेर तर तोरा असा की विचारू नकोस! धाकूमामा म्हणाला हे कॉईन-बिईन सगळं बोगस, तर त्याला म्हणाले, आधी ब्लॉकचेन समजून घ्या, मग बोला. मी पदराआड हसले.

हल्ली मी कणीक वाटीभरच मळते. ते पान आता माझ्या मोबाईलवर आहे, जितेशभाईंनी दोघांच्याही वॉलेटचे पत्ते लावून दिलेत. सकाळी मी बघते. फेब्रुवारीपासून इकडून तुला काही आलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. एक मार्चला, ह्यांच्या वाढदिवसाला, तू आपणहून पाठवलंस. पहिल्यांदा. एप्रिलमध्ये आणखी पाठवलंस, दुप्पट. परवा पुन्हा, त्याहून जास्त.

बाळा, पप्पा रुसलेले नाहीत. आठ फेब्रुवारीला सकाळी छातीत कळ आली आणि रिक्षा बोलवेपर्यंत गेले. तुला कळवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, नॅथनही समुद्रात. तुझ्या त्या पत्त्यावर पैसे पाठवता येतात रे, पण पैसे पाठवून ही गोष्ट कशी सांगू? तू पाठवलेलं सगळं ह्यांच्या वॉलेटवर जसंच्या तसं दिसतंय. ते ह्यांच्या अंगठ्याने उघडायचं, आणि परवलीचे शब्द ह्यांनी कुठे लिहून ठेवले नाहीत. जितेशभाई म्हणतात, आता कोणालाच नाही काढता येणार. ते जाऊ दे, मला नकोतच. पण तू आपणहून पाठवलंस, हे त्यांना कळलं नाही. आणि उत्तर येत नाही म्हणून तू दर खेपेला जास्त जास्त पाठवतोयस, ते मला इथे एकटीला बसून बघवत नाही. आता पाठवू नकोस.

तुझीच,
आई