चेंबर दोनचा उंबरा

४ मार्च २०२५

पोचले. डोंगरकड्याच्या थोडं अलीकडे, हळदीच्या वावरांमध्ये हे कोल्ड स्टोरेज आहे. समोरच्या मोकळ्या जागेत शिजवलेली हळद वाळत घातली आहे, त्यामुळे भिंती, बाकं, कुत्र्याची पाठ, सगळंच पिवळं. मला दिलेली खोली ऑफिसच्या वर आहे. स्वच्छ आहे, नळाला पाणी आहे, दाराला आतून चांगली कडी आहे. मॅनेजर अंगद यांनी चहा पाजला आणि लग्न झालंय का हे न विचारता काम सांगितलं. एकूण मी खूश आहे.

काम सरळ आहे. चार चेंबरचं तापमान आणि दारं एक जुना सर्व्हर सांभाळतो. त्याच्या जागी नवा लिनक्स सर्व्हर उभा करायचा आणि त्याचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर, म्हणजे पॅनेल, सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधून बसवायचं. मालक शेठ इथे इंटरनेट येऊ देत नाहीत, म्हणून लागेल ते पेन ड्राइव्हवर आणलं आहे. अंगदनी विचारलं, तयार मिळतं ते काहून नाही घेत? मी म्हटलं, तयार डब्यात काय भरलंय ते दिसत नाही. सोर्स असला की ओळ न् ओळ वाचता येते. मी स्वतः वाचलेल्या गोष्टीवरच विश्वास ठेवते.

६ मार्च

कंपाइल सारखं अडकत होतं. कधी ही लायब्ररी नाही, कधी ती जुनी. शेवटी कळलं की सोर्सचा चालता प्रोग्राम करून देणारा कंपायलरच नव्या मशीनवर अर्धवट आहे. जुन्या सर्व्हरवरचा उचलून वापरला. दुपारपर्यंत पॅनेल उभं राहिलं. तापमानाचे आलेख, दारांची बटणं, कोणी कोणती कमांड दिली त्याचा लॉग. वापरकर्ता एकच ठेवला: संध्या, म्हणजे मी. दुसऱ्या कोणाला हात लावता येणार नाही.

चेंबर दोनचं दार मात्र पॅनेलवर सारखं लाल दिसत होतं, म्हणजे उघडं. जाऊन पाहिलं तर उंबऱ्यावर एक बाई बसलेली. आत बाकीच्या बाया पोती उलटीपालटी करत होत्या, बुरशी धरलेली हळद वेगळी काढत होत्या. अंगद म्हणाले, इथली रीत आहे. आत कोणीही असेतो एकीने उंबऱ्यावर बसून राहायचं. पाळ्या लावलेल्या असतात. दार मोटरवर सरकतं, मध्ये काही असलं की थांबतं. आतून उघडायच्या कड्या शेठनी काढून टाकल्या आहेत, माल चोरीला जातो म्हणून. वीज गेली तरी लागलेलं दार लागलेलंच राहतं. आत अडकलेल्या माणसाला फक्त सर्व्हर सोडवू शकतो.

मी विचारलं, मग पोतं ठेवा ना मध्ये, माणूस कशाला? उंबऱ्यावरच्या शालूबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं की पोतं कोणीबी उचलून नेतं, माणसाला ऊठ म्हणावं लागतं. बाकीच्या हसल्या. माझ्यावरच.

८ मार्च

शेठचा फोन. दार उघडं राहतं, थंडी टिकत नाही, ती उंबऱ्यावरची बैठक आजच्या आज बंद करा. माझंही मत तेच होतं. बायांना गोळा करून सांगितलं, दार बंद राहील. थाप दिलीत की मी लगेच उघडेन. तुम्ही आत असेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही. शब्द देते म्हटलं.

कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शालूबाई लुगडं झटकत उठल्या.

“वसराम बी असंच बोलला व्हता, म्याडम.”

वसराम कोण ते अंगदना विचारलं. आधीचा ऑपरेटर, आता नाही, एवढंच म्हणाले. बायांनी आज माझ्या डब्याशेजारचे आपले डबे उचलून दुसरीकडे नेले.

११ मार्च

चेंबर दोनमधून थाप आली. मी दार उघडलं. अर्धं उघडलं आणि परत मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. आतून ओरडा. मी बटण दाबूनच ठेवलं, तेव्हा बाया एकेक करून फटीतून निघाल्या. राधिका शेवटी आली, शालूबाईंची सून. तिचा हात दारात सापडला; दार थांबलं, पण आपटल्यावर. हाड मोडलेलं नाही, पण बोटं काळीनिळी झाली आहेत. जाताना एकीने माझ्या पायाशी थुंकलं.

लॉग पाहिला. ‘दार बंद. वापरकर्ता: वसराम.’ हीच ओळ, वरखाली.

या मशीनवर असा वापरकर्ता नाही. मी केलेला नाही.

संध्याकाळी अंगद बोलले. वसरामनेही उंबऱ्यावरची बैठक मोडली होती. एकदा बाया घरी गेल्यावर तो तापमानाचा सेन्सर बदलायला स्वतः आत गेला. उंबऱ्यावर कोणी नव्हतं, स्क्रीनसमोरही कोणी नव्हतं. दार सकाळी उघडलं. हार्ट अटॅक म्हणून मिटवलं. हे मला आधी काहून नाही सांगितलं, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुमी आल्या असत्या का?

१२ मार्च

सोर्स पहिल्या ओळीपासून वाचला. स्वच्छ आहे. त्यात वसराम कुठेही नाही.

मग तो कंपायलरमधून आला. कंपायलर जुन्या सर्व्हरवरचा, आणि तो सर्व्हर त्याने लावलेला. त्याने आत काही दडवून ठेवलं असेल तर त्या कंपायलरने घडवलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ते उतरणार. आमच्या घरी हळद लावतात. कुजकं बेणं नव्या वावरात लावलं तरी कूज उगवतेच. म्हणजे दोष माझा आहे, पण दुरुस्त होण्यासारखा आहे.

बायांना आत जायला मनाई केली.

१३ मार्च

नांदेडहून कोरा कंपायलर आणला. जुना सर्व्हर बंद करून त्याच्या वायरी काढल्या. नवं मशीन पुसलं. सगळं पुन्हा सोर्समधून बांधलं. रात्रीपर्यंत लॉगमध्ये फक्त संध्या.

झालं.

१४ मार्च

धुळवड. सुट्टी. चेंबर रिकामे, मी स्वतः फिरून पाहिले, तोवर अंगद कुरकुरत उंबऱ्यावर बसले होते.

चेंबर दोनमध्ये सगळे सेन्सर बारा अंश दाखवतात. मागच्या भिंतीचा सदतीस.

माणसाच्या अंगाचं तापमान.

१५ मार्च

अंगदना पुन्हा उंबऱ्यावर बसवून तो सेन्सर बदलला. नवासुद्धा सदतीस. हात फिरवून पाहिला, तिथे हवा खरंच कोमट आहे. पोती थंड, भिंत थंड, मधली हवा कोमट.

दुपारी तो सेन्सर बारावर आला. त्याच्या पुढचा सदतीस झाला. दाराच्या दिशेने.

१६ मार्च

मधल्या रांगेपर्यंत आलं आहे.

दार मिटू नये म्हणून चौघांकडून मध्ये भरलेलं पोतं ठेववून घेतलं. ऑफिसात येऊन बसते तो लॉगमध्ये ओळ. ‘दार बंद. वापरकर्ता: वसराम.’ उघडून पाहिलं. पोतं आत, पार मधल्या रांगेत. फरशीवर ओढल्याची पिवळी रेघ. दोघांना उचलत नाही ते पोतं.

कंपायलर कोरा होता. सोर्स मी वाचला आहे. मशीनमध्ये काही नाही—

१७ मार्च

शेठना सांगितलं. दार काढा, निदान आतल्या कड्या परत लावा. उत्तर: उद्या ट्रक येतोय, चेंबर दोनचा माल निघालाच पाहिजे. या बाया जात नसतील तर जवळा बाजारहून दुसऱ्या आणतो, ज्यांना कशाची खबर नाही त्या. तुम्हाला भीती वाटत असेल तर बॅग भरा.

बॅग भरली असती. पण त्या दुसऱ्या बायांना उंबरा माहीत नाही. त्या सरळ आत जातील.

शालूबाई म्हणाल्या, आमीच जातो. पण उंबऱ्यावर तुमी.

“आमचा जीव तुमी खुर्चीवर ठेवला व्हता. आता मांडीवर घ्या.”

नियम एकच सांगितला. आत कोणी असेतो उठायचं नाही. हो म्हटलं.

१८ मार्च

उंबऱ्यावर आहे. पाय बाहेर उन्हात, पाठ आत. शेजारी लॅपटॉप, त्यावर पॅनेल. वही हातात; लिहीत राहिले की मागे वळून बघावंसं वाटत नाही.

पोती निघताहेत. पाठ थंडीने बधिर झाली आहे. मधली रांग सदतीस. आटपा म्हणून सांगितलं.

दार दोनदा सरकून माझ्या खांद्याला लागलं आणि थांबलं. लॉगमध्ये तोच.

ट्रक भरत आला. मधली रांग बारा. मग कुठे— आलेख बघायला वेळ नाही. सिंधूबाई बाहेर. राधिका बाहेर. शालूबाई माझ्या खांद्याला धरून ओलांडल्या. सगळ्या बाहेर. मोजून पाहिल्या.

उठायला हरकत नाही—

शालूबाई अंगणात थांबल्या आहेत. बाकीच्या त्यांच्या मागे. कोणी जवळ येत नाही. माझ्याकडे कोणी बघत नाही. माझ्या मागे बघतात.

उठायला मी हात टेकला. शालूबाई हळू बोलल्या, पहिल्यांदाच माझ्याशी अशा—

“उठू नको, पोरी. आत अजून एक हाय.”

दारापाशी सेन्सर. सदतीस.

पाठीला थंडी लागत नाहीये. ऊब आहे. मानेवर. येते, जाते—

वळणार नाही. उठणार नाही. शब्द दिला आहे.

लॉगमध्ये नवी ओळ. ‘दार बंद. वापरकर्ता: संध्या.’

मी काही दाबलं नाही. एका हाताने वही धरली आहे, दुसऱ्याने लिहिते आहे. लॅपटॉपवर जो हात आहे तो