बोक्याचा रोजचा प्रश्न

प्रिय लोकप्रिय बंधुराज,

फोनच करणार होते. पण तू तो लाइव्हमध्येच उचलशील आणि जगाला ऐकवशील, म्हणून कागद घेतला. याला लाइक करता येत नाही.

तुझी प्रगती मी पहिल्यापासून पाहतेय. तेव्हा तू लाइव्हवर बंद पडलेले रेडिओ उघडून बसायचास आणि काय बिघडलंय ते हळू आवाजात सांगायचास. बघायला मी, तुझा एक मित्र आणि कोणीतरी चुकून आलेला. पण तेव्हा बरा दिसायचास. मग एक स्क्रू निघेना म्हणून चिडून तू अख्खा रेडिओ भिंतीवर आपटलास आणि बघणाऱ्यांची झुंबड उडाली. झालं, साहेबांना सूर सापडला. मग रोज काहीतरी फोडायचं. पंखा काय, मिक्सर काय. अरे, भंगारवालासुद्धा वस्तू तुझ्यापेक्षा मानानं उचलतो. लोकांना त्याचाही कंटाळा आला, तसा तू कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत बसलास. मी दिवसभर दवाखान्यासाठी खोटे दात बनवते रे, खोटं मला लांबून कळतं. तुझं ते रडणं तर मापातही बसत नव्हतं.

तरी आईला तुला बघायचं असतं. तिला मोबाइलवर खातं उघडून दिलं. नाव काय ठेवू विचारलं, तर म्हणाली, बोक्या ठेव, त्याला लगेच कळेल. लहानपणी तुझ्या पोटावर झोपणारा आपला बोक्या. तू नाव वाचलंस आणि ढिम्म. चष्मा वर ढकलत, एकेक अक्षर शोधत ती रोज एवढंच लिहायची, जेवलास का. तुला तेवढं पुरलं. "बोक्याभाऊ, घरी कोणी विचारत नाही का तुम्हाला?" म्हणून खिदळलास. तुझे सगळे रिकामटेकडे जेवलास का, जेवलास का लिहीत सुटले आणि तुझी गर्दी पुन्हा वाढली. विनोद शिळा झाल्यावर बोक्याला ब्लॉक केलंस. लाज कशाशी खातात, ठाऊक तरी आहे का तुला?

तिला लागलं असेल, असं वाटतंय? छे. तुझ्या त्या प्रश्नाला तिनं मोबाइलकडे बघून उत्तर दिलं, विचारते ना, ताई विचारते की रोज. आणि मला म्हणाली, बघ, किती लोकांना त्याच्या जेवणाची काळजी. मी स्वयंपाकघरात निघून गेले. तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता.

लाइव्ह म्हणजे आपणही तुला दिसतो, असा तिचा समज आहे. तुझी वेळ झाली की ती केस विंचरते, चांगले कपडे घालते, मोबाइल डब्याला टेकवून समोर ताठ बसते. आता ब्लॉक केल्यापासून तिच्या मोबाइलवर तू दिसतच नाहीस. मी नेट गेलंय म्हणून सांगते, तिला पटत नाही. आपण म्हातारे दिसायला लागलो म्हणून पोरानं बघायचं सोडलं, असं तिनं मनाशी धरलंय. काल तिनं माझ्याकडे केसांना लावायचा काळा रंग मागितला. तो आणायच्या आत बोक्याला मोकळं कर. आणि त्याचा प्रश्न आला की कॅमेऱ्यात बघून सांग, जेवलो, आणि तू छान दिसतेस. इतकी वर्षं खोटंच बोलतोयस, एकदा तिच्यासाठी बोल.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई