मेट्रन मॅडमनी सोडलं

मंगळवार, संध्याकाळ

आज मेट्रन मॅडमकडे आयसीयूत बदली मागितली. परदेशात जाऊन भूल देणारी नर्स व्हायचंय, त्यासाठी आधी आयसीयूचा अनुभव लागतो, हे कसंबसं सांगितलं. वॉर्डात आधीच माणसं कमी. नाहीच म्हणतील, असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या ओरडतात.

"तू भूल देणार? तुझ्या बडबडीने पेशंट जागा होईल." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या वेळी मला कुणी सोडलं नव्हतं. सोमवारपासून जा."

चष्म्याशिवाय किती थकलेल्या दिसतात त्या! आजवर मी पाहिलंच नव्हतं का? आभार मानायचेही राहिले.

स्वारगेटला उतरून आईला फोन लावला, तर रडूच फुटलं. "नाही म्हणाल्या का गं?" आई विचारत राहिली, आणि मला "हो म्हणाल्या" एवढंही बोलता येईना.