हॉलची कपाटं आणि वीस दिवसांची नोटीस

९ जानेवारी
आजपासून रोजनिशी. थोडक्यात, मुद्देसूद, धंद्याच्या माणसाला शोभेल अशी.
आमच्या पोर्तुगीज समाजाच्या हॉलच्या स्वयंपाकघराचं काम आज सुरू केलं. कपाटं, ओटे, ड्रॉवर, सगळं मेपलमध्ये. एवढं मोठं काम माझ्या अव्हिला कॅबिनेट्सला आजवर मिळालं नव्हतं. लाकूड घ्यायला सासूबाईंनी त्यांचे साठवलेले पैसे दिले. त्यांना ऑगस्टमध्ये त्यांच्या जन्मगावी, बेटावर जायचंय, बहिणीला शेवटचं भेटायला. वय चौऱ्याऐंशी. म्हणालो, आई, जूनमध्ये पैसे हातात.
बायको, म्हणजे लुर्डेस, म्हणाली, आधी नोटीस पाठव. पाठवतो म्हणालो. बाहेर धुकं, हायवे दिसत नव्हता.

१२ जानेवारी
लुर्डेसने फॉर्म भरून, पाकिटं चिकटवून जेवणाच्या टेबलावर ठेवलीत. ब्रेडपेक्षा जवळ.
कॅलिफोर्नियात हे असं आहे. कामाला हात लावल्यापासून वीस दिवसांच्या आत मालकाला आणि मुख्य ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने कळवायचं की बाबांनो, मी तुमच्या जागेत काम करतोय. मग ठेकेदाराने पैसे बुडवले तर त्या जागेवर बोजा चढवता येतो. नाही कळवलं तर बसा बोंबलत.
फॉर्म वाचला. त्यात मालकाला सरळ सांगितलंय की तुमची मालमत्ता जाऊ शकते. माझं लग्न त्या हॉलमध्ये झालं. वडिलांना पोचवून आल्यावर सगळे तिथेच जेवलो. त्या हॉलला मी हे लिहू? आणि पुढच्या वर्षी फेस्ताचा, म्हणजे आमच्या जत्रेचा अध्यक्ष कोण होणार, हे गावात जवळजवळ ठरलेलं असताना?
उद्या शांतपणे विचार करीन.

२१ जानेवारी
अपमान. वेंडेलची नोटीस आली. वेंडेल म्हणजे आमचा प्लायवुडवाला, जुना दोस्त. एक प्रत मला, एक हॉलला. फोन करून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, नॉर्मन, रागावतोस कशाला, मी सख्ख्या मेहुण्यालाही पाठवतो. मेहुण्याची कीव आली.
संकल्प: अशा माणसाकडून यापुढे माल घ्यायचा नाही.
दुपारी सहा शीट कमी पडल्या. वेंडेलकडून आणल्या.

२७ जानेवारी
लुर्डेसने हातात पाकिटं दिली आणि ट्रकपर्यंत सोडायला आली. अजून मुदत होती. पोस्टात गेलो. रांगेत पुढे कोण, तर जोकिमकाका! हॉलचे अध्यक्ष. पाकिटं कोटाच्या आत सरकवली.
काका म्हणाले, काय रे, थंडी वाजते का? मग म्हणाले, त्या प्लंबरची नोटीस आली, वायरमनची आली, वेंडेलचीही आली. वाचून आमच्या सेक्रेटरी मारियाचं ब्लडप्रेशर चढलं, तिला वाटलं हॉल लिलावात निघाला. तुझी तेवढी नाही आली. शेवटी आपला तो आपला.
छाती फुगली. तसाच परत आलो.
लुर्डेसने विचारलं, पोस्टात गेलास? गेलो होतो म्हणालो. गेलोच होतो. पाकिटं ट्रकच्या खणात आहेत. धंदा विश्वासावर चालतो, पोस्टावर नाही.

२४ फेब्रुवारी
बदामाला बहर. पहिला हप्ता अजून नाही. डॅरिलला विचारलं. मुख्य ठेकेदार तो. हॉल त्याला पैसे देतो, त्याने आम्हाला द्यायचे. म्हणाला, चेक बँकेत अडकलाय, पुढच्या आठवड्यात नक्की. माणूस दिलदार. आम्ही बदकांच्या शिकारीला बरोबर जातो. मागच्याच महिन्यात त्याने त्याच्या वाटणीची चार बदकं मला दिली. लुर्डेस म्हणते तोच हप्ता होता.

१८ मार्च
काम झालं. ड्रॉवरच्या दोन मुठी तेवढ्या यायच्यात. कपाटाची दारं बोटाने ढकलली तरी आवाज न करता मिटतात. मी पंधरा मिनिटं नुसता उघडमीट करत होतो. सासूबाईंनी नवी सूटकेस घेतली, निळी.

९ एप्रिल
डॅरिलचा फोन बंद. ऑफिसच्या दारावर भाड्याने देणे आहे अशी पाटी. लोक म्हणतात, आयडाहोला पळाला. लोकांना काय, जिभेला हाड नसतं. सुट्टीवर गेला असेल.

११ एप्रिल
लुर्डेस ट्रकच्या खणात टॉर्च शोधत होती. पाकिटं सापडली. तिने ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं, पाकिटं बाजूला ठेवली. जेवण कशाचं होतं ते आता आठवत नाही.

१५ एप्रिल
वकीलबाईंकडे गेलो. आनंदाची बातमी: नोटीस उशिरा दिली तरी चालते! फक्त ती मागच्या वीस दिवसांतल्या कामापासून पुढे लागू होते. त्यांनी विचारलं, या वीस दिवसांत काय केलंत? म्हणालो, दोन मुठी बसवल्या. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, मिस्टर अव्हिला, तुमच्या मुठी पूर्ण सुरक्षित आहेत.
बाकीच्यासाठी डॅरिलवर दावा लावता येईल म्हणाल्या. आधी डॅरिल आणा.
त्यांची फी मुठींपेक्षा जास्त झाली. मला राग यायला हवा होता. गाडीत बसून वाट पाहिली. आला नाही.

३ मे
हॉलमध्ये बैठक. नोटिसा पाठवलेल्यांना बोलावलं होतं. मी सभासद म्हणून गेलो, लुर्डेसला घेऊन.
जोकिमकाका म्हणाले, आपण डॅरिलला पैसे दिले, त्याने कोणाला दिले नाहीत. पण फेस्ता तोंडावर आहे. हॉलवर बोजा चढला तर मला बापाच्या थडग्यासमोर उभं राहता येणार नाही. दुसऱ्यांदा द्यावे लागले तरी देऊ. फेस्ताच्या जेवणासाठी गोठेवाल्यांनी दिलेल्या गाईंपैकी निम्म्या विकून टाकल्या. प्लंबरला चेक, वायरमनला चेक. वेंडेललाही चेक, मी त्याचं देणं लागत होतो तेवढ्याच रकमेचा. त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले.
काकांनी विचारलं, अजून कोणी राहिलंय का? लुर्डेसचं कोपर माझ्या बरगडीत. उठलो. सगळा हॉल बघत होता. गोठेवाले, ज्यांच्या गाई गेल्या, तेही. म्हणालो, माझं काय घेऊन बसलात, आधी बाकीच्यांचं बघा.
हिशोब पक्का होता. माणसाने असं म्हणायचं, समोरच्यांनी आग्रह करायचा. काकांनी आग्रह केला नाही. येऊन मिठी मारली. टाळ्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली.
परतताना लुर्डेस मागच्या सीटवर बसली. पुढची रिकामी होती.

२४ मे
वर्कशॉपच्या मालकाने जागा सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. मोठी करवत आज विकली गेली. फ्रेस्नोचा एक पोरगेला माणूस घेऊन गेला. ती होती तिथे फरशी जरा उजळ आहे. बघत उभा राहिलो. काही वाटलं नाही. मग झाडून घेतलं.
वेंडेल म्हणाला, माझ्या दुकानात काउंटरवर कामाला ये. विचार करून सांगतो म्हणालो. लुर्डेसने फोन घेऊन हो सांगून टाकलं.
सासूबाईंनी विचारलं, तिकीट काढू ना? म्हणालो, थोडं थांबा, पुढे स्वस्त होतं.
संकल्प: फेस्ताच्या दिवशी काकांना गाठून स्पष्ट बोलायचं. चार वाक्यं. पाठ केली.

८ जून, रविवार
फेस्ता. मिरवणूक, बँड, फेस्ताची राणी झालेल्या मुलीचा झगा सहा मुलींनी धरलेला. सोपाशमध्ये, म्हणजे फेस्ताच्या पाव-रश्श्यात यंदा मांस कमी, पाव जास्त. कोणी कुरकुरलं नाही.
जेवणानंतर काकांना गाठलं. पहिलं वाक्य तोंडात होतं. ते म्हणाले, थांब, आधी मला बोलू दे, आणि दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथे सगळी कमिटी, पाद्री, बँडचे दोघे. लुर्डेस आणि सासूबाईंनाही आणलं होतं. काकांनी मोठ्या कपाटावरचा टॉवेल ओढला. खाली पितळी पाटी: ही कपाटं नॉर्मन आणि लुर्डेस अव्हिला यांनी हॉलला प्रेमाने भेट दिली.
पाद्र्यांनी पाणी शिंपडलं. काकांचे डोळे भरले. मारिया म्हणाली, हा खरा आपला माणूस, एक कागद पाठवला नाही. टाळ्या थांबेनात. बोला, बोला, म्हणाले.
मी म्हणालो, थँक यू.
लुर्डेस पाटीकडे बघत राहिली, मग नॅपकिनने डोळे पुसायला लागली. बायका तिच्याभोवती जमल्या, म्हणाल्या, आनंदाचे अश्रू. मीही तेच म्हणालो. सासूबाईंनी कपाटाचं एक दार उघडलं, मिटलं, छान झालंय म्हणाल्या.
घरी येताना लुर्डेस आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, पाटीवर आईचंही नाव हवं होतं.
बरोबर आहे तिचं. उद्या काकांना फोन करतो. पाटी अजून बदलता येईल.