टीना बारीक झाली

६ जानेवारी २०२५, सोमवार
आज व्यायामाले चारच आल्या. "थंडी हाय वो अल्काबाई!" थंडी काय मले नाही? सकाळी सहा वाजता बुद्धविहाराचा हॉल उघडून, झाडून बसली मी. वाट पाहून राहिली.
सगळ्यात आधी टीना आली. पुष्पाबाईची सून, गावाच्या पार तिकडच्या टोकाची. डॉक्टरनं तिले सांगितलं, वजन उतरव, मग मूल राहील. ही पोरगी कधी कुरकुर करत नाही. बाकीच्या उठाबशा कमी काढतात अन् गोष्टी जास्त सांगतात.

८ जानेवारी
जमुनाबाई चटईवर आडवी पडून सुनेची गाऱ्हाणी सांगून राहिली होती. मी ओरडली — पोट उतरवायचं का तोंड चालवायचं? सगळ्या हसल्या. ती बी हसली.

९ जानेवारी
जमुनाबाई आली नाही.
गोंदियाच्या जिममध्ये असं नव्हतं. तिथं मी झाडू माराले लागली होती. बायकांची मॅडम सोडून गेली तर शेठ म्हणे, "अल्काबाई, अब आप ही करा दो." रोज पाहून पाहून सगळं पाठ झालं होतं. चांगलं चाललं. मग नागपूरची सर्टिफिकेटवाली आली अन् मी गावाले वापस. तिथं ओरडली तरी बायका यायच्या, महिन्याची फी भरली असायची ना! इथं फुकट करवतो तर नखरे!

१३ जानेवारी
काल गावात शंकरपट, दिवसभर बैलांच्या शर्यती अन् रातभर नाटक. सकाळी हॉलमध्ये मी अन् टीना. बस.
म्हणे, "काकू, तुमच्या शिव्या ऐकल्या का दिवस चांगला जाते." मी म्हटलं, चूप, पाय वर घे. पण बरं वाटलं. खोटं कायले लिहू.
घरी येऊन रीनाले फोन लावला. "आई, ड्युटीवर आहो, मग करतो." मग म्हणजे कधी, ते पोरीलेच माहीत.

१९ जानेवारी, रविवार
आज बाजारात टीना अन् पुष्पाबाई भेटल्या, वांगे घेऊन राहिल्या होत्या. मले राहवलं नाही. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं — पाहा पुष्पाबाई, कशी वाळली तुमची सून! अर्धी झाली!
वांगेवाली टीनाकडं पाहाले लागली. बाजूच्या दोघी बी.
पुष्पाबाई म्हणे, "काऊन वो? आमच्या घरी जेवाले नाही भेटत का तिले?"
जिममध्ये असं म्हटलं का बायका पेढे आणायच्या. इथं सून वाळली म्हणजे सासू उपाशी ठेवते. याच गावची मी, अन् विसरली! टीना खाली पाहून राहिली होती.

२० जानेवारी
टीना आली नाही.

२३ जानेवारी
शेवटी त्यांच्या घरी गेली. पुष्पाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "तिले बरं नाही." बरं कसं नाही! आत दिसत होती. समोर ताटात भाताचा ढीग.
मी म्हटलं, डॉक्टरनंच सांगितलं ना?
"डॉक्टरनं वजन सांगितलं, हाडं दाखवाले नाही सांगितलं! गावभर लोक मले विचारून राहिले."
चुकलं म्हणायचं होतं. त्यासाठीच गेली होती. तोंडातून निघालं — मग फुगवा बसून!
अन् निघाली. टीना उठली बी नाही.

२७ जानेवारी
कोणीच नाही. हॉल झाडला. एकटीनंच उठाबशा काढल्या. होत नाहीत जास्त. स्वतःवर ओरडता येत नाही.

३१ जानेवारी
जमुनाबाई आली, व्यायामाले नाही, बातमी सांगाले. टीना गेली. भाऊ येऊन माहेरी देवरीले घेऊन गेला. रोज जेवणावरून भांडण, सासू ताटाजवळ बसून राहे, हात धुऊ देत नसे. जाताना म्हणली म्हणे, आता येत नाही.
जमुनाबाईले हे सांगताना मजा येऊन राहिली होती. हाकललं तिले.
फोन करावा म्हटलं. तर टीनाचा नंबरच नाही माझ्यापाशी. रोज येत होती समोर, नंबर कायले घेतला असता?

१ फेब्रुवारी
हॉल उघडला नाही.

२ फेब्रुवारी
काही नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
चावी परत द्याले गेली, तर हॉलच्या दारात पुष्पाबाई उभी. आमच्या मोहल्ल्यात ही बाई कधी आली नव्हती. वाटलं, भांडाले आली. मी बी तयार झाली.
तिनं कुलपाकडं बोट दाखवलं. मी कुलूप काढलं. चप्पल काढून ती आत आली, सगळीकडं पाहिलं.
"कुठं बसत होती ती?"
मी खिडकीजवळची जागा दाखवली. गुडघे धरत धरत ती तिथं जाऊन बसली.