मी फिनलंडला, मेहुणा डायरेक्टरपदी

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. शहापूर.

निवड झाली! विद्यापीठातून फोन आला. प्राचार्यांचं शिष्टमंडळ ऑक्टोबरमध्ये फिनलंडला जाणार. विषय: डिजिटल नवोपक्रम आणि उद्योगांशी सहकार्य. मुरबाड तालुक्यातून एकटा मी. फोन ठेवला आणि तीन ग्लास पाणी प्यायलो. आनंदानेच असणार.

प्रेमाला सांगितलं. ती म्हणाली, ‘पण तुमचं कुठल्या उद्योगाशी सहकार्य हाय?’ लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हिला प्रशासन कळत नाही.

अर्जात लिहिलेलं काहीही खोटं नाही. मुरबाड एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्याशी आमच्या कॉलेजचा सामंजस्य करार आहे. मागची तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी केला. फोटोसुद्धा आहे. फोटोत सही करणारा उद्योजक म्हणजे प्रेमाचा धाकटा भाऊ ओमकार. तो त्या कारखान्यात डिस्पॅचला असतो, ट्रकमध्ये पाइप भरून देतो. म्हणजे उद्योगातलाच माणूस झाला. डिजिटल कॅम्पसचं म्हणाल तर बोटाच्या हजेरीचं मशीन भिंतीवर आहेच. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून त्याला पिशवी बांधली आहे, एवढंच.

संकल्प: रोज अर्धा तास इंग्रजी बोलणे. विमानाचा विचार न करणे. ओमकारचं नाव कुठेही न काढणे.

७ सप्टेंबर, रविवार

आरशासमोर उभा राहून इंग्रजी बोललो. आरशातला माणूस फारच घाबरलेला वाटला. त्याचा माझ्यावर परिणाम होतो. उद्यापासून कपाटासमोर बोलणार.

१५ सप्टेंबर, सोमवार

विद्यापीठात बैठक. प्र-कुलगुरू स्वतः बरोबर येणार आहेत. ते म्हणाले, शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या उद्योग-भागीदाराला व्हिडिओ कॉलवर आणायचं. दहा मिनिटं. समोर तिथले प्राध्यापक बसतील. ज्याचं सहकार्य सर्वांत जिवंत वाटेल त्या कॉलेजला नवोपक्रम केंद्र मिळेल. ज्याचं तसं वाटणार नाही त्याचं काय होणार, ते मी विचारणार होतो. तेवढ्यात बैठक संपली.

येताना आसनगावला चहा घेतला. कप बशीवर सारखा वाजत होता. हायवेला ट्रक फार जातात, त्याचे हादरे बसतात. टपरीवाला म्हणाला, ‘सर, बाकी कोनाचा कप नाय वाजत.’ उद्धट माणूस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ओमकारला जेवायला बोलावलं. पितृपक्ष चालू, त्यामुळे मटणाशिवाय विषय काढावा लागला. हे माझ्या बाजूने कच्चं होतं.

मी म्हटलं, फक्त दहा मिनिटं डायरेक्टर म्हणून बसायचं आहे. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, ‘भावजी, इतकी वर्सं ठेकेदाराकडं काढली. आता कुठं कंपनीनं घेतलाय. दिवाळीनंतर पर्मनंट करणार हायेत. कोनी बघितला तर घालवतील ना मला. मग निशिगंधाचा बाप काय बोलंल?’

निशिगंधा म्हणजे आसनगावची मुलगी. तुळशीचं लग्न झालं की यांची हळद. तिच्या वडिलांनी साखरपुड्यातच सर्वांसमोर सांगितलं होतं की पर्मनंटचं पत्र बघितल्याशिवाय मांडव घालणार नाही. हल्ली मुलींचे बाप असेच झाले आहेत.

मी ओमकारला एकच प्रश्न विचारला. फिनलंडमध्ये दाखवलेलं मुरबाडमध्ये कोण बघणार? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. प्रेमा मोरीत भांडी आपटत होती, तिच्याकडे असावं. शेवटी तो कबूल झाला. साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीत गाडीवर येईल, बोलेल, जाईल. अट एकच, कोणाला कळता कामा नये. मी प्रेमाची शपथ घेतली. प्रेमा आतून म्हणाली, ‘तुमची घ्या.’

३ ऑक्टोबर, शुक्रवार. मुरबाड, केबिन.

उपप्राचार्या दामिनी मॅडमना बोलावून सूचना दिल्या. पंधरा तारखेला फिनलंडहून कॉल येईल, एक उद्योजक येतील, कार्यक्रम व्यवस्थित झाला पाहिजे. गुप्ततेचं सांगणार होतो. पण गुप्तता कशासाठी, असं त्यांनी विचारलं असतं आणि त्या मान तिरकी करून बघतात तेव्हा मला घाम फुटतो. म्हणून ‘व्यवस्थित’वर जोर दिला. समजूतदार बाई आहेत.

११ ऑक्टोबर, शनिवार. विमानात.

उडालं.

शेजारी वाडा तालुक्यातल्या कॉलेजचे प्राचार्य आहेत. त्यांचा हात धरून ठेवला आहे, ओळख वाढावी म्हणून. डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर त्यामुळे.

१३ ऑक्टोबर, सोमवार. टाम्पेरे, फिनलंड.

थंडी. इथल्या विद्यापीठात एका हॉलमध्ये चक्क कारखान्याचं यंत्र बसवलं आहे. कारखान्यात काही बिघडलं की त्याची दुरुस्ती आधी मुलं इथे करून बघतात. मुलींच्या हाताला ग्रीस. कारखान्याचे इंजिनिअर त्यांच्याच बाकावर बसून डबा खातात. मी खूप फोटो काढले. आपल्याकडे हे सहज शक्य आहे. फक्त यंत्र, हॉल आणि इंजिनिअर लागतील.

आमच्या गटाच्या मार्गदर्शक प्राध्यापिकेचं नाव लीना. नाव ऐकून धीर आला होता. पण त्यांनी विचारलं, तुमची मुलं भागीदाराकडे जाऊन काय शिकतात? मी म्हणालो, पाइप. त्या नुसत्या बघत राहिल्या. एक शब्द नाही. आपल्याकडे एवढा वेळ कोणी गप्प बसलं तर समजावं, चोरी पकडली गेली. म्हणून आणखी बोललो. तरी त्या गप्प. आणखी बोललो. त्या लिहून घेत होत्या.

आता ओमकारचे तीन कारखाने आहेत. त्यातला एक गुजरातमध्ये.

संकल्प: उद्या कोणी गप्प बसलं तर आपणही गप्प बसायचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लीनाबाई गप्प बसल्या. ओमकारचा माल आता दुबईला जातो.

नंतर वाड्याच्या प्राचार्यांकडून कळलं की इथे ऐकायची पद्धतच तशी आहे, समोरच्याचं बोलणं पूर्ण झालं याची खात्री करून घेतात. हे कोणीतरी शिष्टमंडळाला आधी सांगायला हवं होतं. ढिसाळ नियोजन.

संध्याकाळी सगळे सौनाला, म्हणजे इथल्या वाफेच्या खोलीत गेले. मी गेलो नाही. तिथे बसून लोक मनातलं खरं बोलतात म्हणे.

ओमकारचा फोन. ‘भावजी, नको ना. मला रात्री झोप नाय येत.’ त्याला धीर दिला. म्हटलं, नेतृत्व करणाऱ्याला झोप येतच नसते, मला तरी कुठे येते. फोन ठेवल्यावर दोन पांघरुणं घेऊन बसलो. फिनलंडमुळे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झालं. क्रमाने लिहितो.

माझा नंबर दहा वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. कॉल लागला. पडद्यावर केशरी रंग. फक्त केशरी. लीनाबाईंनी विचारलं, तांत्रिक अडचण? मग एक हात आला आणि झेंडू बाजूला झाले. दामिनी मॅडमनी लॅपटॉपला हार घातला होता.

मागे आमचं अख्खं सभागृह. रांगोळी, समई, नऊवारीतल्या मुली. स्वागतगीत सुरू झालं, तिन्ही कडवी. मग दीपप्रज्वलन. एक वात विझली, परत लावली. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, त्यात पाहुण्यांपेक्षा संस्थेचा इतिहास जास्त. मध्यभागी माझ्याच खुर्चीत ओमकार. अंगावर शाल, मांडीवर नारळ, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. जेवणाची सुट्टी संपायच्या आत त्याला कारखान्यावर पोचायचं होतं. त्याच्या डोक्यामागे त्याचाच भलामोठा फोटो, साखरपुड्यातला. खाली अक्षरं: उद्योगभूषण मा. ओमकारशेठ, संचालक.

दामिनी मॅडम म्हणाल्या, आता शेठजींनी दोन शब्द बोलावेत. ओमकार उठला, नारळ पडला, आणि दहा मिनिटं संपली.

इथला हॉल गप्प. मी डोळे मिटले. आता विद्यापीठाचं पत्र, चौकशी, गावभर बभ्रा, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग टाळ्या. लीनाबाई म्हणाल्या, उद्योगातल्या माणसाचा एवढा मान राखणारं कॉलेज आम्ही पाहिलं नव्हतं. प्र-कुलगुरूंनी पाठीवर थाप मारली. केंद्र आम्हाला!

बाथरूममध्ये जाऊन थोडा वेळ बसलो. यशाचा भार.

१८ ऑक्टोबर, शनिवार. शहापूर.

परत आलो. किन्हवलीमार्गे मुरबाडला गेलो. मुरबाड नाक्यावर गाडी आपोआप थांबली. म्हणजे मीच थांबवली असणार.

विजेच्या खांबावर फ्लेक्स. वीस फूट तरी असेल. ओमकार शाल पांघरून हात जोडून उभा. उद्योगभूषण, संचालक, कारखान्याचं नाव, हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक प्राचार्य व समस्त कर्मचारी वृंद. एमआयडीसीकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथेच वळते.

दामिनी मॅडम म्हणाल्या, ‘सर, तुम्हीच म्हणालात ना व्यवस्थित? आपल्याकडे कुठला सत्कार बॅनरशिवाय झालाय?’ त्यांची मान तिरकी होती. मी म्हटलं, छान झालाय.

फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो धनत्रयोदशीची लायटिंग करतो आहे, दिवाळीनंतर काढेल. काळजीचं कारण नाही. दिवाळीत कारखाना बंद, बॅनर वाचायला कोण येतंय?

२० ऑक्टोबर, सोमवार

राहवलं नाही. सकाळी घरातली सुरी घेऊन नाक्यावर गेलो. खांबापाशी पोचलो, तोच कोणीतरी ओरडलं, ‘अरे, सर आले फोटो काढायला!’ आमचाच माजी विद्यार्थी, आता बातम्या पाठवतो. सुरी पाठीमागे लपवली. त्याने मला बॅनरखाली उभं केलं, हसा म्हणाला. हसलो. पळून जाणं बरं दिसलं नसतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

पेपरमध्ये फोटो आला. चांगला आला आहे. प्रेमाने बघितला आणि ओवाळायचं तबक तसंच ठेवून दिलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कारखाना सुरू झाला. मालकाने ओमकारला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पेपर होता. मालक म्हणाला, ‘ह्या कंपनीचा डायरेक्टर तू, तर मग मी कोन रे?’ ओमकारने माझं नाव घेतलं नाही. बहिणीचा नवरा म्हणून. उद्यापासून येऊ नको, असं मालकाने सांगितलं.

प्रेमा रडली.

संकल्प: उद्याच मालकाला भेटून गैरसमज दूर करणे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल कॉलेजात बैठक होती. आज गेलो. कारखान्याच्या गेटवर वॉचमनने विचारलं, ‘कोनाकडं काम हाय?’ मी विचारलं, पोस्ट ऑफिस कुठे आहे? त्याने सांगितलं. तो बघत होता म्हणून पोस्टापर्यंत जावं लागलं. तिकिटं घेतली.

नुसतं जाऊन उपयोग नाही. आधी मुद्दे काढायला हवेत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

परवा तुळशीचं लग्न झालं. निशिगंधाच्या वडिलांचा आज निरोप आला. सध्या थांबू. सध्या म्हणाले आहेत, नाही म्हणालेले नाहीत. हा फरक प्रेमाला समजावून सांगितला. ती उठून गेली.

मुद्दे निम्मे झाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी ओमकार आला. घरात येत नव्हता, ओट्यावरच बसला. दाढी वाढलेली. मला वाटलं आता शिव्या देईल. तशी मनाची तयारीही केली होती, दरवाज्याजवळ उभा होतो. त्याने शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, ‘भावजी, त्या फिनलंडच्या बाईंना सांगून बघा ना. मला त्यांनी बघितलाय. मी कामाला कसा हाय, ते कंपनीला एक पत्र लिवतील. माझी कदी मालाची एक गाडी चुकली नाय.’

त्याचा खरोखर विश्वास होता की लिहितील. मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हटलं, तिकडे आता अंधार लवकर पडतो, ऑफिसं बंद असतात.

प्रेमाने त्याला पाणी दिलं, चहा दिला. मग आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून मला म्हणाली, ‘तुमी कंपनीत जा, मालकाला खरं काय ते सांगा. त्यानं तुमाला काय बोलायचं ते बोलू दे. जास्तीत जास्त तुमची खुर्ची जाईल. ह्याचं लगीन तरी ऱ्हाईल.’

मी लगेच तयार झालो. मनापासून. म्हटलं, उद्याच गेलो असतो, पण उद्या रविवार, कारखाना बंद. सोमवारी बघू.

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. फिनलंडसारखे.

मग ओमकारच हळू म्हणाला, ‘भावजी, एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची असते. रविवारी कंपनी चालू. मालक दहाला येतो.’

मला हे माहीत नव्हतं.

प्रेमाने उद्यासाठी माझा शर्ट इस्त्री करून दाराच्या मागे अडकवून ठेवला आहे.